व्यवसायक्रीडा आणि परवाना

व्यवसायक्रीडेचे मूळ लष्करी युद्धक्रीडेत आहे. त्या धर्तीवर अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ साली संगणकाच्या साहाय्याने खेळावयाचा डाव रचला. परदेशी व्यापाराचा पट मात्र शिकागो विद्यापीठात थोरेली व ग्रेव्हज यांनी ‘इन्टॉप’ या खेळात मांडला. त्यात प्रत्येक विद्यार्थिगट म्हणजे एक कंपनी. तिने अमेरिका, युरोपीय सामायिक बाजारपेठ व ब्राझील येथे रेडिओ आणि व्हॅक्यूम क्लीनर बनवावेत, विकावेत, आणि निर्णयांचा भार गटातच वाटून घ्यावा.

खेळाची पुस्तिका १९६३ साली निघाली. त्याच वर्षी पवईस, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने, औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. (२०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्थेत झाले.) तेथून जवळच, कुर्ल्यास, प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना फियाटच्या सहकार्याने मोटारी बनवीत होता. परंतु त्याच्या चालकांना क्षमता वाढवावयाची तर १९५१ च्या औद्योगिक कायद्यान्वये दिल्लीचा परवाना हवा; सुटे भाग आणावयाचे तर आयातीचा निराळा परवाना. केवळ बाजारपेठ व प्रतिस्पर्धी यांवर बेतलेला खेळ येथे जसाच्या तसा शिकविला असता, तर सर्वांत प्रबळ खेळाडू, म्हणजे शासन, पटाबाहेरच राहिला असता, असे आम्हांस वाटते. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन उठले, तेव्हा कोठे शिकागोचा पट उपनगरातील कारखानदाराच्या ओळखीचा झाला.