सारवासारव आणि तिचे प्रेक्षक

खळं सारवलं म्हणून जमिनीच्या भेगा बुजत नाहीत, शेणाच्या हाताखाली त्या झाकल्या जातात. राजकारणातल्या खुलाशांसाठी मराठीनं ‘सारवासारव’ हा शब्द घेतला तो या कामावरूनच. मंत्री सकाळी भलतंच बोलून जातो, दुपारी ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ असं निवेदन येतं आणि संध्याकाळी ‘सूत्रांकडून’ तिसरीच बातमी पेरली जाते. या कारागिरीवर बेतलेल्या विनोदी मालिका आणि त्या पाहणाऱ्यांची मतं हा आपल्या अभ्यासाचा विषय. रत्नागिरीत राहून तो हाती घेणाऱ्यांचं मी मनापासून स्वागत करतो.

अशा मोजक्याच मालिका इथं घेतो. ब्रिटनमध्ये १९८० साली ‘येस मिनिस्टर’ सुरू झाली. मंत्र्याला गोड बोलून गुंडाळणारा सचिव हा तिचा कणा. तिचंच हिंदी रूप ‘जी मंत्रीजी’ २००१ मध्ये स्टार प्लसवर आलं, त्यात फारूख शेख मंत्री झाले होते. त्याही आधी ‘कक्काजी कहिन’मधला ओम पुरींचा पुढारी दूरदर्शननं घरोघर पोचवला होता. २००५ची ब्रिटिश मालिका ‘द थिक ऑफ इट’ मात्र थेट सारवासारव करणाऱ्या माणसावरच आहे. पार विचका झालेल्या कारभारासाठी तिच्यात घडवलेला ‘ऑम्निशॅम्बल्स’ हा शब्द २०१२ मध्ये ब्रिटिश संसदेत विरोधी पक्षनेत्यानं सरकारला ऐकवला आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याला त्या वर्षाचा शब्द ठरवलं. याच्या उलटही घडलं आहे. तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ‘येस मिनिस्टर’ इतकी आवडे, की १९८४ मध्ये त्यांनी त्यातल्या नटांबरोबर स्वतः एक छोटा प्रवेश सादर केला. ज्या सत्तेवर विनोद, तिनंच तो कडेवर घेतला. मग तो बोचतो कुणाला? याचं उत्तर मालिकेत सापडत नाही, त्यासाठी प्रेक्षकाकडेच जावं लागतं.

पाठवणाऱ्यानं भरलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो असं नाही, हे माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं. कुणी तो मान्य करतो, कुणी घासाघीस करतो, कुणी पार उलटा लावतो. रत्नागिरीकराला हे नवं वाटू नये. कोकणातल्या नमनाच्या खेळातली गवळण आठवा. मावशी पदर खोचून पेंद्याशी हुज्जत घालते आणि त्या ओघात गावचा रखडलेला रस्ता, कोरडी पाण्याची टाकी असं काही निघतं. हसू सगळीकडून येतं, पण एकदम नाही. आधी पोरं हसतात, मग बाया. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे सर्वांत शेवटी, तेही एकमेकांकडे बघून. कोण कधी हसलं आणि कोण हसलंच नाही ही नोंद मला छापील प्रश्नावलीहून मोलाची वाटते.

इथं पु. ल. देशपांडे आठवतात. ते रत्नागिरीचे जावई. ज्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यातला अंतू बर्वा याच गावचा. पुढाऱ्यांबद्दल तो तिरकस मत देतो. राजकारणाचा इतका तिखट प्रेक्षक रत्नागिरीचा असावा, हा मला योगायोग वाटत नाही.

म्हणून प्रश्न जपून निवडा. ‘मालिका आवडली का?’ असं विचारलंत तर ‘बरी आहे’ एवढंच हाती लागेल. ‘यातला मंत्री तुम्हाला कोण वाटला?’ असं विचारा. माणूस इकडंतिकडं बघतो, आवाज खाली आणतो आणि तालुक्यातलं एखादं नाव घेतो. ते नाव तुमच्या प्रबंधात येता कामा नये. पण त्यानं आवाज खाली आणला, हे अवश्य लिहून ठेवा. आणि पहिल्या नोंदीसाठी लांब जायला नको. आज रात्रीच्या बातम्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांशेजारी वही घेऊन बसा.