चढाईही, पकडही : अस्लम इनामदार

कबड्डीत कुणी चढाई करतो, कुणी पकड. दोन्ही करतो तो अष्टपैलू. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार असा खेळाडू. इनामदार हे आडनाव आपल्याकडे हिंदूंतही सापडतं, मुसलमानांतही.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊला आशियाई खेळांची अंतिम लढत झाली. समोर इराण. एका चढाईच्या गुणांवरून वाद होऊन खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. अस्लम भारताच्या संघात होता, मोहम्मदरेझा शादलुई इराणच्या.

‘तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न सामन्यांच्या निमित्ताने आपल्याला हमखास विचारला जातो. गोराईतल्या माझ्या विद्यार्थ्यांनाही तो ऐकावा लागतो. अस्लमने त्यावर भाषण केलं नाही. तो भारतासाठी खेळला आणि सुवर्णपदक घेऊन आला.

त्याच आठवड्यात मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला. पुणेरी पलटणने शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. कालचा प्रतिस्पर्धी अस्लमच्या कप्तानीखाली खेळू लागला. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. चढाईचे 142 आणि पकडीचे 26 गुण मिळवणारा अस्लम हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

पुढच्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला, शादलुई हरियाणाकडे गेला. अंतिम सामना बालेवाडीत झाला, पण त्यात पुणे नव्हतं. कप्तान नसला की चढाई आणि पकड दोन्हीकडे खिंडार पडतं. ज्याच्यावाचून संघाचं अडतं, त्याला ‘तू कुणाचा’ असं कोण विचारणार?