सलामीचं भांडण

हॅम, भाजलेलं पोर्क, स्विस चीज, व्हिनेगरमधली काकडी, मस्टर्ड. क्युबन सँडविच म्हणजे एवढंच. पण त्यात सलामी घालायची की नाही, यावरून फ्लोरिडातली दोन शहरं वर्षानुवर्षं भांडताहेत!

व्हिसेंते मार्टिनेझ इबोर या सिगारवाल्याने १८८६ साली टँपाशेजारी कारखाना सुरू केला. त्याभोवती इबोर सिटी वसली. क्युबन आणि स्पॅनिश कामगार आले, पाठोपाठ सिसिलीचे इटालियन. टँपाच्या सँडविचमध्ये सलामी आली ती या इटालियन शेजाऱ्यांमुळे, असं मानतात. मायामीत मात्र १९५९च्या क्रांतीनंतर देश सोडलेल्या क्युबनांची वस्ती फोफावली. तिथे सलामी वर्ज्य. २०१२ मध्ये टँपाच्या नगरपरिषदेने आपल्या सँडविचच्या बाजूने चक्क ठराव केला.

हसू येतं खरं. पण मला मायामीकरांचंही पटतं. घर सुटलेल्या माणसाला निदान चव तरी होती तशीच हवी असते.

हल्ली हे सगळं एकत्र बारीक चिरून, पावात भरून, दाबून शेकतात. मीही घरी तसंच करतो. सलामी घालतो. शेजाऱ्याचं काहीतरी ताटात असावं, एवढंच आपलं मत.