लालबागमध्ये मिळणारं 'गाईचं दूध' नेमकं कोणत्या गाईचं?

लालबाग-परळमध्ये रोज सकाळी घेतली जाणारी गाईच्या दुधाची पिशवी बहुतेक वेळा संकरित गाईची असते. गिरगावजवळ भुलेश्वरच्या पांजरापोळात, म्हणजे 1834 पासून चालत आलेल्या गोशाळेत, लोक ज्या वशिंडवाल्या गाईंना चारा घालतात त्या वेगळ्या.

मग चांगली कोणती? आधी 'शुद्ध' या शब्दाचा घोळ सोडवायला हवा. गीर आणि देवणी या शुद्ध जाती आहेत, तशाच होल्स्टिन फ्रिजियन (एचएफ) आणि जर्सी या परदेशी गाईही शुद्धच. उलट गावाकडची वशिंड असलेली प्रत्येक गाय शुद्ध जातीची नसते. तिला गावठी म्हणतात.

दुधाच्या आकड्यांत संकरित गाय पुढे आहे. एका वेतात, म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंत, देवणी सरासरी हजार किलोच्या आत दूध देते, तर गीर 2,000 च्या आसपास. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेली 'फुले त्रिवेणी' 3,000 पर्यंत जाते. तिच्यात निम्मं रक्त एचएफचं, पाव जर्सीचं आणि पाव गीरचं.

खरा प्रश्न त्या प्रमाणाचाच आहे. देशी गाय आणि एचएफ वळू यांच्या पहिल्या पिढीत बापाचं दूध येतं आणि आईकडून ऊन व गोचीड सोसण्याची ताकद. जास्त दुधाच्या आशेनं प्रत्येक पिढीला पुन्हा एचएफचंच रेतन केलं, की परदेशी रक्त 50 वरून 75 आणि पुढे 87.5 टक्क्यांवर जातं. अशी गाय एप्रिल-मे महिन्यात धापा टाकते, चारा कमी खाते, गाभण राहायला वेळ लावते. गोचिडांमुळे होणारा थायलेरिया आणि कासदाह तिला जास्त छळतात. म्हणून परदेशी रक्त 50 ते 62.5 टक्क्यांवर थांबवण्याचा सल्ला दिला जातो. गोठ्यात वळूची नोंदच नसेल तर हे कसं पाळणार, ही मात्र खरी अडचण.

देशी गाय काटक असते, कमी चाऱ्यावर भागवते. पण ती उशिरा वयात येते आणि भाकड काळही लांबतो. शिवाय आजार तिलाही चुकत नाहीत. 2022 च्या लम्पी साथीत देशी गाईही दगावल्या.

राहिला 'ए2' दुधाचा मुद्दा. देशी गाईंमध्ये ए2 प्रथिन प्रामुख्यानं आढळतं, हे खरं. पण एचएफच्याही बऱ्याच गाई ए2 असतात. ऑगस्ट 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पाकिटांवरचे असे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच आदेश मागे घेतला. तसंही गावच्या संकलन केंद्रावर अनेक गोठ्यांचं दूध एकाच टाकीत ओतलं जातं. त्यामुळे साध्या पिशवीतल्या दुधाची गाय कोणती, हे दादरच्या दुकानदारालाही सांगता येणार नाही.