पुणे–सासवड टप्पा (आषाढी वारी)

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या संत ज्ञानेश्वर पालखी सोहळ्यातील सर्वांत मोठ्या पायी टप्प्यांपैकी एक. अंतर सुमारे ३२ किमी. हा टप्पा बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला चालला जातो, त्यामुळे अनेक वारकरी उपवासाच्या फराळावरच वाट पार करतात.

भवानी पेठेतील मुक्कामानंतर पालखी पहाटे निघते. हडपसर येथे संत तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे वळते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी वडकीतील विसाव्यानंतर दिवे घाटाला लागते. चढणीवर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. दिंड्या रथाच्या पुढे आणि मागे ठरलेल्या क्रमांकाने चालतात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर अभंग म्हणत घाट चढला जातो. वळणांवरून पायथ्याचा मस्तानी तलाव दिसतो. माथ्यावरून वाट पुरंदर तालुक्यातील सासवडला उतरते.

कऱ्हाकाठचे सासवड हे ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांचे समाधिस्थान. येथे पालखीचा दोन रात्री मुक्काम असतो. या काळातच सोपानदेवांची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. पुढचा मुक्काम खंडोबाच्या जेजुरीत.

सोहळ्याची सध्याची शिस्त १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली. पहिल्यांदा वारी करणाऱ्यांच्या पायांची खरी परीक्षा याच टप्प्यावर होते.