ज्यू निर्वासितांची युद्धकालीन दप्तरे (मुंबई इलाखा व गोवा)

नाझी जर्मनी व तिने गिळंकृत केलेल्या प्रदेशांतून हिंदुस्थानात आश्रयास आलेल्या ज्यू लोकांविषयीचे सरकारी व संस्थात्मक कागदपत्र. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्यू रिलीफ असोसिएशनने निर्वासितांच्या निर्वाहाची हमी पत्करल्यामुळे, व्हिसाचे अर्ज, हमीपत्रे आणि परकीयांच्या पोलीस-नोंदी ही दप्तरे परस्परांशी ताडूनच वाचावी लागतात. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धास तोंड लागताच, ज्या सत्तेच्या छळास भिऊन ही माणसे परागंदा झाली होती तिचेच प्रजाजन समजून, त्यांपैकी अनेकांना अहमदनगरच्या छावणीत अटकेत ठेवण्यात आले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने तहकीकात केल्यावर बहुतेकांची सुटका झाली, तरी काहींना पुढे पुरंदर येथे निर्बंधांत राहावे लागले. सरकारी शिरस्त्याला छळणारा आणि छळला जाणारा यांतील भेद उमगण्यास लागलेला हा विलंब लज्जास्पदच म्हटला पाहिजे. आकाशवाणीच्या सुपरिचित सूचक धूनशी ज्यांचे नाव निगडित आहे ते प्राग येथून आलेले संगीतज्ञ वॉल्टर काउफमान हे याच आश्रितांपैकी होत.

गोव्याची स्थिती भिन्न होती. पोर्तुगाल तटस्थ असल्याने पेडणे व डिचोली या महालांच्या सीमेवरच, म्हणजे सावंतवाडी संस्थानाच्या हद्दीशी, ब्रिटिश युद्धकालीन अंमल थबके. पणजीच्या १५९५ पासूनच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांच्या जोडीला मोडी दप्तरही आहे. ज्यूंसंबंधी गोव्याचा पूर्वेतिहास मात्र कठोर आहे: ज्यू वंशाचे वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या अस्थी १५८० मध्ये धर्मसमीक्षण-न्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) आज्ञेने उकरून जाळण्यात आल्या.