चांदबीबी महालात चांदबीबी नाही

नगरहून पाथर्डी रोडने बाहेर पडलं की डोंगरावर एक तीन मजली दगडी इमारत दिसते. पाहुणे आले की आम्ही नगरकर त्यांना संध्याकाळी तिथे घेऊन जातो, वरून शहराचे दिवे दाखवतो आणि सांगतो, हा चांदबीबी महाल. खरं तर तो महालही नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. माणसाच्या कबरीवर बाईचं नाव कसं चिकटलं यावर गावात चार कथा ऐकायला मिळतात, त्यात आत्ता शिरत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यातलं एक लग्न. पंगतीत शेजारी बसलेल्या मावशीने विचारलं, "तू नक्की कशावर पीएचडी करतेस गं?" मी म्हटलं, नगर जिल्ह्यातल्या बायका सार्वजनिक जीवनात कशा आल्या, यावर. मावशी म्हणाली, "मग सोपंय की. चांदबीबी, अहिल्यादेवी. झालं." पंगतीत मला नीट उत्तर देता आलं नाही, वाढपी जिलेबी घेऊन उभा होता. म्हणून ही पोस्ट.

मावशी म्हणते ती दोन्ही नावं खरीच मोठी आहेत. हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा असलेल्या चांदबीबीने 1595-96 मध्ये अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेविरुद्ध नगरचा किल्ला लढवला. शेवटी वऱ्हाड देऊन तह करावा लागला, आणि 1600 साली तिला मारलं ते तिच्याच माणसांनी. अहिल्यादेवींचा जन्म 1725 चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि 2024 साली जिल्ह्याचं नावच अहिल्यानगर झालं. (माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात आता दोन्ही नावं लिहावी लागतात, एक कंसात.) पण चांदबीबी राजघराण्यात जन्मलेली होती आणि अहिल्यादेवींचा कारभार महेश्वरहून चालला. त्यांच्या काळात चौंडीतल्या किंवा नगरच्या पेठेतल्या साध्या बाईला घराबाहेर काय करता येत होतं, हे या दोन नावांवरून कळत नाही. माझा प्रश्न त्या बाईचा आहे. तिला चारचौघांत उभं राहायला जागा कशी मिळाली, आणि त्या जागेचा तिला पगार काय मिळाला? पगाराचा प्रश्न मी मुद्दाम धरून ठेवलाय, का ते पुढे येईल.

सुरुवात मी 1839 पासून करते. त्या वर्षी सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई मुंबईहून नगरला आली. ती 1827 साली अमेरिकन मिशनतर्फे हिंदुस्थानात आली होती. वय तिशीच्या पुढे आणि लग्न झालेलं नाही, ही त्या काळात तिकडेसुद्धा नवलाची गोष्ट होती. लग्न न झालेल्या बाईला एवढ्या लांब पाठवण्याची अमेरिकेतल्या मिशनांना सवय नव्हती. नगरमध्ये तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच ती वारली. तेवीस वर्षं.

मिशनचा हेतू लपलेला नव्हता. धर्मांतर केलेल्या माणसाच्या घरात बायको वाचू शकली पाहिजे, म्हणजे घर टिकेल, असा तो हिशोब होता. पण शाळा ही अशी वस्तू आहे की ती काढणाऱ्याच्या हिशोबात राहत नाही. 1848 च्या सुमारास जोतिराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे नगरला आले, या शाळा पाहिल्या आणि पुण्याला जाऊन भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं प्रशिक्षण फरारबाईंच्या नगरच्या संस्थेत घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुण्याच्या शाळेची कथा आपल्याला पाठ असते, तिचा नगरचा धागा मात्र आमच्या शाळेत कुणी सांगितला नव्हता. मी स्वतः नगरमध्ये दहावीपर्यंत शिकले आणि फरार हे नाव पहिल्यांदा एम.ए.ला वाचलं.

दुसरा धागा छापखान्याचा. 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक 1842 मध्ये नगरला सुरू झालं. 1855 मध्ये त्याच 'ज्ञानोदया'त फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ज्यांना वेद वाचायचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने छापील अक्षरात विचारला. म्हणजे सात वर्षांत शाळेचं रूपांतर सवालात झालं. मिशनला वाटलं असेल, हा प्रश्न आपल्या पथ्यावर पडला. मला मात्र ती कोणाचीच वकिली करताना दिसत नाही.

शाळेतून पहिल्यांदा कामं तयार झाली. शिक्षिका, आणि घरोघरी जाऊन वाचून दाखवणाऱ्या 'बायबल वुमन'. यातल्या पुष्कळ जणी महार-मांग कुटुंबांतल्या, काही विधवा. गावातून एकटीने चालत जायचं, परक्या ओसरीवर बसायचं, बायकांना अक्षरं दाखवायची आणि महिन्याला थोडे रुपये घ्यायचे. आज हे साधं वाटतं. ज्या बाईला पाटलाच्या दारात उभं राहायची परवानगी नव्हती, तिच्या हातात पुस्तक असणं साधं नव्हतं. मिशनचे अहवाल वाचताना माझी चिडचिड एकाच गोष्टीने होते: परदेशी बाईंचं नाव पूर्ण असतं, आणि इथल्या बाईची ओळख अनेकदा अमक्याची बायको, तमक्याची विधवा.

लक्ष्मीबाई टिळकांनी हे उलटं केलं. 'स्मृतिचित्रे' बहुतेकांनी वाचलेलं असतं, पण ते नगर-राहुरीचं पुस्तक म्हणून वाचून पाहा. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी धर्मांतर केलं, लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्यांत राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या आणि 1900 मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. सोवळं सुटायला त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यांनी ते नवऱ्याच्या सांगण्यावरून सोडलं नाही, स्वतःच्या डोक्याने विचार करून सोडलं. शाळेत धड न गेलेल्या या बाईने नवऱ्यामागे त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हाती घेतलं. टिळकांचे 11 अध्याय होते, हिने पुढचे 64 लिहिले. आकडे पाहिल्यावर हे काव्य कोणाचं म्हणायचं, हा प्रश्न पडतोच.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळावरून मी इथे भराभर पुढे जाणार आहे. नगरचा 1942 चा इतिहास म्हणजे किल्ला, नेहरू आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया', असं समीकरण झालंय. कार्यकारिणीतल्या सरोजिनी नायडूंना या किल्ल्यात ठेवलं नव्हतं, त्या पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये होत्या. किल्ल्यातल्या त्या खोल्या पुरुषांच्याच होत्या.

इथपर्यंत आलं की आपला जिल्हा फार आगळावेगळा आहे असं वाटायला लागतं. माझी ही खोड ओळखून गाईड मॅडमनी मला पॅलेस्टाइनमधल्या स्त्रियांच्या चळवळीवर वाचायला लावलं. कुठे जेरुसलेम आणि कुठे जामखेड, असं मलाही वाटलं होतं. पण तिथेही आधी मिशनची शाळा दिसते. रामल्लाची क्वेकर पंथीयांची मुलींची शाळा 1869 ची. मग 1929 च्या ऑक्टोबरमध्ये जेरुसलेमला दोनशेहून जास्त अरब स्त्रिया परिषदेला जमल्या, त्यांचं शिष्टमंडळ ब्रिटिश हायकमिशनरला भेटलं, आणि पायी मोर्चाऐवजी त्यांनी मोटारींची रांग शहरातून फिरवली. त्यात बहुतेक शहरी, खात्यापित्या घरच्या होत्या. गावातली बाई पुढे आली ती नंतर, 1948 ची वाताहत आणि छावण्या भोगून. 1970-80 च्या दशकांत कामाच्या समित्या, बालवाड्या, शिवणवर्ग आणि गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या तयार झाल्या होत्या, म्हणून 1987 चा उठाव झाला तेव्हा गल्लीगल्लीत बायका संघटित सापडल्या. तिथल्या अभ्यासकांचा वाद याच्यावरच आहे: राष्ट्रासाठी काम करताना बाईला जागा मिळाली, पण तिच्या स्वतःच्या हक्काचं 'नंतर बघू' होत गेलं. परक्या राजवटीखालचं जगणं आणि आपलं जगणं एका मापाने मोजता येत नाही, हे मान्यच. पण ते 'नंतर बघू' मला फार ओळखीचं वाटलं.

कारण आरोग्य कार्यकर्ती म्हटलं की जामखेड आलंच. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं जामखेडला आलं. जामखेड म्हणजे कायम दुष्काळी, त्यात 1972 चा दुष्काळ समोर उभा. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात ठेवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. बाहेरची शिकलेली मुलगी गावात एकटी राहीना, आणि गावच्या बायका तिचं ऐकेनात. मग गावानेच निवडलेली बाई घ्यायची ठरली. निवडल्या गेल्या त्यातल्या बऱ्याच अक्षरशत्रू, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, आहार शिकायच्या आणि मुक्काम करायच्या. सुरुवातीला जातीमुळे एकत्र जेवायलाही तयार नसलेल्या या बायका पुढे एकाच भल्यामोठ्या पांघरुणाखाली झोपायला लागल्या. पाण्याचीही तीच तऱ्हा. बोअर दलित वस्तीत घ्यायचे, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांना तिथेच यावं लागेल.

आकडा सांगते, कारण तो सांगण्यासारखा आहे. सुरुवातीला या गावांत दर 1000 जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. पाचेक वर्षांत हे प्रमाण 52 वर आलं आणि दोन दशकांत विशीच्या आत. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मागच्या उन्हाळ्यात मी जामखेड तालुक्यात अशाच एका जुन्या कार्यकर्तीला भेटले. सत्तरी ओलांडलेली आजी. मी विचारलं, तुम्हाला गावात मान कधी मिळाला? मला वाटलं, पहिलं बाळंतपण वगैरे सांगतील. त्या म्हणाल्या, "पाटलीणबाईनं रातच्याला बोलावलं, अन् पुढच्या दारानं आत घेतलं, तवा." मग पैशाचं विचारलं. त्या हसल्या. "पैशावर कुटं व्हतं ते? सेवाच व्हती."

ही 'सेवा' माझ्या वहीत दोनदा अधोरेखित आहे. देशभर 2005 नंतर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. पण आशा ही सरकारी कर्मचारी धरली जात नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो. 2021 आणि 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मागणी हीच होती, आम्हाला स्वयंसेविका म्हणू नका. गावात मान देणारं कामच पगाराच्या वेळी 'सेवा' होऊन जातं.

पंचायतीचं थोडक्यात. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आल्या, 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या. एका ग्रामपंचायतीत मी सरपंचबाईंची मुलाखत मागितली, तर खुर्चीतून "विचारा" म्हणाले त्यांचे मिस्टर. असे किस्से सगळ्यांकडे आहेत आणि तेवढ्यावर आरक्षणाला हसणंही सोपं आहे. पण बाईंनी चहा आणताना मला दारात थांबवून पाणीयोजनेच्या बिलाची जी गोष्ट सांगितली, ती मिस्टरांना माहीत नव्हती.

आणि शिंगणापूर. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये एक तरुणी शनीच्या चौथऱ्यावर चढली, तर शुद्धीकरण झालं. नेवासे तालुक्यातलं हे देवस्थान मग देशभर गाजलं. जानेवारी 2016 मध्ये देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा महिला आली, पण चौथरा बायकांना बंदच होता! विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर 1 एप्रिलला हायकोर्टाने 1956 च्या कायद्यावर बोट ठेवलं, आणि 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला. कायदा साठ वर्षं पुस्तकात होता. माझी आई त्या दिवशी टीव्हीसमोर बसून म्हणाली, "मला काही जायचं नाही तिथे. पण जाऊ द्यायला काय हरकत होती?"

सध्या मी मिशनच्या शाळांतल्या इथल्या शिक्षिकांच्या पगाराच्या नोंदी शोधतेय. नाव नसलं तरी रकमेपुढे सही किंवा अंगठा असतो, आणि 'अमक्याची बायको' असं लिहिलेल्या ओळीत सही मोडीत, ठसठशीत असेल तर मला दिवसभर पुरते. तुमच्या घरी जुनी शिक्षिका आजी, पणजी असेल आणि तिची नेमणुकीची पत्रं, पगाराची पुस्तकं ट्रंकेत पडली असतील, तर रद्दीत देऊ नका, आधी मला कळवा. पुढच्या पोस्टमध्ये सलाबतखानाच्या कबरीच्या त्या चार कथा सांगते, मावशीला कबूल केलंय.